समुद्रकाठचं जुनं भव्य हॉटेल, तेही ऑफ-सीझनला: खोली कुठली मागावी, काय विचारून घ्यावं?

चैत्रपालवी:

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थंड हवेच्या किनाऱ्यावरच्या एका जुन्या, भल्या मोठ्या हॉटेलात पाच रात्री राहायचा बेत आहे. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात, गारठा चटकन बाधतो. पण समुद्र बघत बसायची त्यांना फार हौस. दोन-तीन हॉटेलं नजरेत आहेत, सगळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. सीझनमध्ये ती आवाक्याबाहेर असतात, आता जमण्यासारखी आहेत.

फोटोंवरून काही कळत नाही, कारण सगळे फोटो उन्हाळ्यातले. समुद्राकडची खोली घ्यावी का? कुठल्या मजल्यावर? हीटिंगचं नेमकं काय विचारायचं? आणि बुकिंगआधी कोणती गोष्ट विचारायची राहिली, तर तिथे पोचल्यावर कपाळाला हात लावायची पाळी येते? माहितगारांनी जरा तपशिलात सांगावं.

दीपमाळ:

ताई, खोलीचं नंतर बघू. आधी इमारतीचं विचारा: "त्या आठवड्यात हॉटेलचा कुठला भाग चालू असेल?" बाकी सगळं यावर ठरतं.

ही हॉटेलं बांधली गेली रेल्वेनं येणाऱ्या गर्दीसाठी. इंग्लंडमधल्या स्कारबरोचं ग्रँड हॉटेल घ्या, १८६७ चं. वर्षाच्या हिशोबावर त्याची आखणी केली होती: ऋतूंचे ४ मनोरे, महिन्यांचे १२ मजले, आठवड्यांची ५२ धुराडी आणि दिवसांच्या ३६५ खोल्या. एवढा पसारा नोव्हेंबरात भरणार कसा? मग एखादी विंग किंवा वरचे दोन मजले बंद ठेवतात आणि तिथलं हीटिंग पाइप गोठणार नाहीत इतपतच चालू असतं. तुमची खोली चालू भागाच्या टोकाला आली, तर भिंतीपलीकडे रिकाम्या, गारठलेल्या खोल्या. रेडिएटर कितीही तापला तरी ती भिंत गारच राहते. म्हणून मागणी अशी करा: दोन्ही बाजूंना आणि खाली वापरातल्या खोल्या असाव्यात, आणि आमच्या आधीच्या रात्री आमच्या खोलीत कुणीतरी राहिलेलं असावं. हे जमणार नसेल, तर येण्याआधी २४ तास खोली तापवून ठेवा, असं सांगा. जाड दगडविटांच्या भिंती आणि गादी तापायला वेळ लागतो. दुपारी दोनला चालू केलेलं हीटिंग चारपर्यंत हवा गरम करतं, भिंती नाही. अंगाला गारवा भिंतींचा जाणवतो.

मजल्याचं. लिफ्ट येण्याआधीच्या काळात उत्तम खोल्या खालच्या मजल्यांवर असत, कारण जिने चढायला कुणालाच नको असत. म्हणून खाली, विशेषतः पहिल्या मजल्यावर, उंच छत, मोठ्या खिडक्या, बाल्कनी. आणि माळ्याच्या मजल्यावर नोकरचाकरांसाठी काढलेल्या ठेंगण्या, तिरक्या छताच्या खोल्या. लिफ्ट आली तसा वरच्या मजल्यांचा भाव वाढला. इंग्लंडमधल्याच ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात १८६४ सालीच पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट होती. पण खोल्यांचे आकार मूळचेच राहिले. उंच छत दिसायला सुरेख, पण गरम हवा सगळी वर जाऊन बसते. थंडीत मला मधला मजला बरा वाटतो: दुसरा किंवा तिसरा, छत बेताचं, वर-खाली दोन्हीकडे माणसं. सासूबाईंसाठी तर दुसऱ्याच्या वर जाऊच नका. लिफ्ट बंद पडली तर दोन जिने कसेबसे उतरता येतात, पाच नाही.

लिफ्टबद्दल दोन प्रश्न विचारा: "लिफ्टच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत मध्ये पायऱ्या आहेत का?" आणि "लिफ्ट त्या काळात दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे का?" पहिला प्रश्न कुणी विचारत नाही. अशा हॉटेलांना मागाहून इमारती जोडलेल्या असतात, त्यांच्या मजल्यांची पातळी जुळत नाही आणि कॉरिडॉरमध्येच तीन-चार पायऱ्या येतात. लिफ्ट जाळीच्या दाराची असेल तर आतलं आणि बाहेरचं दोन्ही दारं पूर्ण लागल्याशिवाय ती जागची हलत नाही. कुणी वरच्या मजल्यावर दार अर्धवट ओढून गेलं, की तुम्ही खाली बटण दाबत उभे. त्यामुळे बाहेर पडताना दोन्ही दारं कट्ट आवाज होईपर्यंत ओढा.

शेवटचा मुद्दा दुरुस्त्यांचा, आणि इथेच जास्त लोक फसतात. रंगकाम, छपराची कामं, बाथरूम फोडणं, सगळं ऑफ-सीझनला काढतात. "काम चालू आहे का?" असं विचारलं तर "थोडंफार" असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: दर्शनी बाजूला परांची बांधलेली आहे का, आमच्या मजल्यावर किंवा लगतच्या मजल्यावर ड्रिलिंग आहे का, किती ते किती वाजेपर्यंत. उत्तर ईमेलवर घ्या. समुद्राकडची खोली घ्यायची आणि खिडकीबाहेर हिरवी जाळी, याच्यासारखा हिरमोड दुसरा नाही.

खारवट:

दीपमाळ यांच्याशी सहमत, फक्त समुद्राकडच्या खोलीबद्दल ते गप्प बसले आहेत. माझं मत स्पष्ट आहे: नोव्हेंबरात थेट समुद्रासमोरची खोली सासूबाईंना देऊ नका. बाजूच्या अंगाची, जिथून समुद्र तिरका दिसतो, ती घ्या. समुद्र बघायला खाली लाउंज असतं, तिथे मोठ्या काचा, शेकोटी, चहा. झोपायच्या खोलीत महत्त्व उबेला.

कारण खिडक्या. जुन्या हॉटेलांत वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या असतात. चौकटीत त्या सैलच बसवाव्या लागतात, नाहीतर पावसाळी हवेत लाकूड फुगलं की अडकतात. त्या फटीतून वारा येतो आणि रात्रभर खडखड चालते. समुद्रावरून सरळ येणारा वारा असेल तर खालच्या पट्टीतून पाणीसुद्धा आत झिरपतं. आतून दुसरी काच बसवलेली आहे का, हे फोनवर विचारा. दर्शनी भागाला हात लावायची परवानगी नसते, म्हणून पुष्कळ ठिकाणी आतून ही जादा काच लावलेली असते. आवाज आणि वारा दोन्हींना मोठा फरक पडतो.

तरी खडखडलीच, तर आधी मधली खिटी पूर्ण फिरवा. ती फक्त कुलपासाठी नाही, दोन्ही झडपा एकमेकींकडे ओढून घ्यायचं कामही तीच करते. पुष्कळदा ती अर्धवट फिरवलेली असते. मग पुठ्ठ्याची चार पदरी घडी करून झडप आणि चौकट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना दाबून बसवा, वरच्या टोकापासून एक वीत खाली. कागद चालत नाही, ओला होऊन लगदा होतो. तळाशी टॉवेलची गुंडाळी. रिसेप्शनला सांगितलं तर लाकडी पाचर आणून देतात, मागायला लाजू नका.

आता रेडिएटर. दोन जाती असतात आणि दोन्हींची वागणूक वेगळी. गरम पाण्याचा असेल तर वरचा भाग गार, खालचा गरम, म्हणजे आत हवा अडकली आहे. बाजूच्या लहान स्क्रूमधून किल्लीनं ती हवा काढावी लागते. दोन मिनिटांचं काम, पण हॉटेलच्या माणसाकडूनच करून घ्या, कारण हवा संपताच काळं पाणी उडतं आणि गालिचा खराब होतो. वाफेचा असेल, आणि एकच पाइप आत जात असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अधलंमधलं काही नाही. अर्धा ठेवला की वर येणारी वाफ आणि परतणारं पाणी एकाच फटीत भेटतात आणि हातोडा मारल्यासारखे ठोके बसतात. रात्री दोन वाजता "पाइपमधून आवाज येतोय" अशी जी तक्रार जाते, तिच्यामागे बऱ्याचदा हे अर्धवट फिरवलेलं चाक असतं.

रेडिएटरवर ओले कपडे पसरू नका, पडदे त्याच्या पुढे येऊ देऊ नका. आणि घरून हीटर नेऊ नका. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. जुन्या वायरिंगवर, त्यातून एक्स्टेन्शन बोर्डवर, ही मागणी धोक्याची. हॉटेलकडे तेलाचे हीटर असतात. बुकिंगच्या वेळीच एक राखून ठेवायला सांगा, कारण गारठा वाढला की त्या दिवशी सगळेच मागतात.

ओल हा तर वेगळाच विषय. बाहेर समुद्र, धुकं, म्हणून लोक खिडकी उघडतच नाहीत, आणि खोली आणखी ओलसर होत जाते. हिशोब करून बघा: ५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा एका घनमीटरमध्ये साधारण ६ ग्रॅम पाणी बाळगते. तीच आत येऊन २० अंशांना तापली की आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे थंडीत बाहेरची हवा, कितीही दमट वाटली तरी, खोली सुकवते. अंघोळीनंतर खिडकी पूर्ण उघडून ५ ते १० मिनिटं, मग बंद. दिवसभर बोटभर फट ठेवणं वाईट: भिंत गार पडते आणि तिथेच पाणी धरतं. पलंगाची उशीकडची बाजू बाहेरच्या भिंतीला टेकलेली असेल तर हातभर पुढे ओढा, कपाटाचं दार किलकिलं ठेवा.

एक भिंत मात्र काही केलं तरी दमटच लागते. तिच्यात मीठ मुरलेलं असतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. हात लावला की ओलसर, रंगाचे पोपडे, वर पांढरी भुकटी दिसली तर त्या भिंतीशी भांडू नका, खोली बदलून मागा.

चैत्रपालवी:

दोघांचेही आभार. लाउंजची कल्पना सासूबाईंना सांगितली, त्या म्हणाल्या, "पहाटे उठून खाली कोण जाणार, मला खोलीतूनच दिसला पाहिजे." म्हणजे तिरका का होईना, समुद्र हवाच. दुसरं, बंद ठेवलेल्या खोल्यांतल्या पाण्याबद्दल काहीतरी काळजी घ्यावी लागते असं ऐकलंय, ते काय? आणि नोव्हेंबरचं जमलं नाही तर पुढच्या वर्षी पावसाळ्यात उष्ण किनाऱ्यावरचं असंच एखादं हॉटेल घ्यावं का? तिथे निदान गारठा तरी नाही.

पाणपोई:

पाण्याचं मी सांगतो, आणि हे हसण्यावारी नेऊ नका, खास करून ७४ वर्षांच्या माणसासोबत.

लिजिओनेला नावाचे जीवाणू पाइपांत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, वाढतात. ते पाणी पिण्यातून सहसा बाधत नाही. शॉवरचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. पन्नाशीच्या पुढची माणसं, धूम्रपान करणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना धोका जास्त. म्हणून चांगल्या हॉटेलांत गरम पाणी टाकीत ६० अंशांना ठेवतात, वापरात नसलेले नळ आठवड्यातून निदान एकदा सोडतात आणि त्याची वही ठेवतात. फोनवर थेट विचारा: "बंद खोल्यांचे नळ आणि शॉवर दर आठवड्याला सोडता का?" व्यवस्थित हॉटेल लगेच "हो" म्हणतं. प्रश्नच कळला नाही, तर नीट विचार करा.

पोचल्यावर स्वतः करायचं ते एवढं. बाथरूममध्ये सासूबाईंना पाठवण्याआधी बेसिनचा गरम नळ सोडा. मग शॉवरचा दांडा हुकवरून काढून खाली जाळीपाशी ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे तुषार उडणार नाहीत. हवं तर त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून एक कोपरा कापा. गरम पाणी पूर्ण सोडा, बाहेर या, दार ओढून घ्या, ५ मिनिटं जाऊ द्या. मग थंड पाण्याचंही तसंच. शॉवरचं तोंड चुन्यानं बुजलेलं असेल तर बदलून मागा, त्या थरातच हे जीवाणू आसरा धरतात.

बेसिनचं गरम पाणी मिनिटभरात हात धरवणार नाही इतकं तापलं पाहिजे (५० अंशांना काही सेकंदांच्या वर हात ठेवता येत नाही), तेव्हा सासूबाईंना सांभाळून. भाजू नये म्हणून नळाशीच थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तर मात्र पाणी ४१ ते ४३ अंशांच्या पुढे जात नाही आणि ही परीक्षा लागू पडत नाही. दोन मिनिटं होऊनही पाणी कोमटच, आणि असा व्हॉल्व्हही नाही, तर रिसेप्शनला कळवा.

बाथरूम पुष्कळ ठिकाणी मागाहून खोलीचा कोपरा अडवून केलेलं असतं, खिडकी नसलेलं. पंखा ओढतोय का ते बघायला टिश्यूचा एक पदर जाळीला लावा. चिकटून राहिला तर ठीक. आणि टब बिडाचा असेल तर पहिलं पाणी तोच पिऊन टाकतो: आधी थोडं कढत पाणी सोडून टब तापवा, ते जाऊ द्या, मग भरा. टबाच्या कडेची उंची मात्र आधी विचारा. जुने टब पायांवर उभे असतात, आत जायला गुडघा बराच उचलावा लागतो. सासूबाईंना उभ्यानं अंघोळ करता येईल असा वेगळा शॉवर, आधाराच्या दांड्यासह, असलेली खोली मागा.

मृगसर:

पावसाळ्याचं सांगते. गारठा नाही हे खरं, पण ओलीचं गणित नेमकं उलटं होतं. बाहेर २८ अंश, ९० टक्के आर्द्रता: एका घनमीटरमध्ये साडेचोवीस ग्रॅमच्या आसपास पाणी. एसीनं २४ अंशांना आणलेल्या खोलीत जास्तीत जास्त २२ ग्रॅम मावतं. म्हणजे एसी चालू असताना खिडकी उघडली की भिंती, आरसे, चादरी, सगळ्यांवर पाणी धरतं. खारवट यांचा "१० मिनिटं खिडकी उघडा" हा सल्ला तिथे लावू नका. खिडकी बंद, एसी २५-२६ वर, ड्राय मोड असेल तर तो. १८ वर ठेवून खोली गारठवली तर बाहेर जाताना चष्मा आणि कॅमेरा दोन्ही धुकटतात. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवून मग काढायचा. चामड्याच्या चपला, पट्टे दोन दिवसांत बुरशी धरतात. कपाट उघडल्याबरोबर कुबट वास आला तर सामान लावायच्या आधीच खोली बदलून घ्या.

कुठल्या किनाऱ्याचा ऑफ-सीझन कधी, हेही बघून ठरवा. कोलंबोचं गॉल फेस हॉटेल, १८६४ चं, नैर्ऋत्येकडून मोसमी वारे येतात तेव्हा, साधारण मे ते सप्टेंबर, खवळलेल्या समुद्रासमोर उभं असतं. उलट फ्रान्सच्या रिव्हिएरावरची, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरची, जुनी हॉटेलं मुळात हिवाळ्यासाठीच बांधलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे उन्हाळ्यात हॉटेलं बंद ठेवायचे. थंडीत बरं वाटावं अशीच त्यांची ठेवण: खोल्यांची तोंडं दक्षिणेला, हिवाळ्यातलं खालचं ऊन थेट आत खोलवर. सासूबाईंसाठी मी तोच किनारा आधी बघितला असता.

भांगभरती:

समुद्र बघायचाच असेल तर तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सौम्य. मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास. त्यात वादळ आलं तर पाणी आणखी चढतं: हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटर वर येते, शिवाय वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो ते वेगळंच. उधाण, उतरता दाब आणि समुद्रावरून येणारा वारा हे तिन्ही एकत्र आले, की लाटा कठड्यावरून आत येतात आणि सोबत गोटेही आणतात. त्या दिवशी गाडी समुद्राच्या बाजूला उभी करू नका आणि कठड्याशी उभं राहून फोटो काढू नका. लाटा सारख्या उंचीच्या नसतात. दहा मिनिटं कोरडी राहिलेली जागा अकराव्या मिनिटाला धुऊन निघते.

दिवस पाच आणि उजेड कमी, तेव्हा भरतीच्या वेळा हॉटेलकडून आधीच मागवून घ्या. भरती सकाळच्या उजेडात येते ते दिवस खिडकीशी बसायला उत्तम. समुद्र उशिरा तापतो आणि उशिराच निवतो, म्हणून उत्तर गोलार्धात त्याचं पाणी सर्वांत गार फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं. किनाऱ्याच्या ऑफ-सीझनमध्ये हिवाळ्याच्या सुरुवातीचे आठवडे शेवटच्या आठवड्यांपेक्षा सहसा उबदार. तुमची तारीख त्या दृष्टीनं चुकलेली नाही.

दीपमाळ:

सासूबाईंच्या अटीवरून पुन्हा लिहितो. दुसरा मजला, समुद्र तिरका दिसणारी खोली, पण कोपऱ्याची नाही. कोपऱ्याच्या खोलीला दोन बाहेरच्या भिंती आणि दुप्पट खिडक्या. उन्हाळ्यात तिच्यासाठी मारामारी असते, नोव्हेंबरात ती अख्ख्या मजल्यावर सर्वांत गार. बाहेर काढलेली गवाक्षाची खिडकी असलेली खोली मिळाली तर खुर्चीत बसल्या जागेवरून समुद्र दिसेल आणि पलंग आत, वाऱ्यापासून लांब राहील. फोनवर "बे विंडो" म्हणा, लगेच कळेल.

वेबसाइटवरून बुकिंग करू नका, थेट फोन करा, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, म्हणजे सकाळची चेक-आउटची गडबड उरकलेली असते. रविवार ते गुरुवार अशा पाच रात्री धरल्या तर वीकेंडची लग्नं आणि पार्ट्या टळतात. तरी हे विचाराच: "त्या आठवड्यात बॉलरूममध्ये कार्यक्रम आहे का, आणि आमची खोली तिच्या वर आहे का?" ऑफ-सीझनला अशी हॉटेलं परिषदा आणि बसनं येणाऱ्या सहलींवर चालतात. दोनशे जणांची परिषद असेल तर नाश्त्याला साडेआठची वेळ टाळा.

जेवणाचंही स्पष्ट करून घ्या. मोठं डायनिंग हॉल बंद ठेवून बारमध्येच मोजके पदार्थ देतात, किंवा रात्री आठला स्वयंपाकघर बंद होतं. आसपासची हॉटेलंही त्या दिवसांत बंद असू शकतात, तेव्हा रात्रीच्या जेवणासकट दर घेण्यात फायदा, फक्त रोज तेच ताट नाही ना, हे बघा.

सगळं ठरलं की मेल पाठवा, एवढा पुरे: "फोनवरील बोलण्याप्रमाणे: दुसरा मजला, लिफ्टपासून खोलीपर्यंत पायऱ्या नाहीत, समुद्र दिसणारी बे विंडो, वेगळा शॉवर, तेलाचा एक हीटर, आगमनाच्या २४ तास आधीपासून खोली तापवलेली, लगतच्या मजल्यांवर बांधकाम नाही. यातील काही शक्य नसल्यास आगमनाच्या सात दिवस आधी कळवावे, म्हणजे बुकिंग विनाशुल्क रद्द करता येईल." त्यांचं "होय" लेखी आल्यावरच आगाऊ रक्कम भरा.

पोचल्यावर बॅगा उघडायच्या आधी, सासूबाईंना लाउंजमध्ये बसवून, तुम्ही दोघं वर जाऊन खोली बघा: रेडिएटरला हात, पांघरुणाखाली गादीला हात, खिडकीच्या फटीशी तळहात, बाथरूमचा नळ. काही खटकलं तर तेव्हाच खाली जाऊन सांगा. त्या दिवसांत खोल्या रिकाम्या असतात, त्यामुळे नाही म्हणायला त्यांच्याकडेही कारण नसतं. पण नवी खोली चालू भागातलीच असेल, हे पुन्हा विचारून घ्या.